निरांजन आणि नळी

"काकू, ती काडी पेटवू नका. आधी माझं ऐका."

काडेपेटी हातात घेतलेल्या उमाकाकू दारातच थबकल्या. ताटात कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि तुपाने भरलेलं निरांजन. पलंगावर शरदचंद्र नाकात नळी घालून बसलेले. शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. शिरगावातल्या या घरी रोज येणारी नर्स किर्ती हात आडवा करून मध्ये उभी होती.

सकाळीच तिने अभ्यंगाची वाटी परत पाठवली होती. ऑक्सिजन चालू असताना तोंडाला, छातीला तेल लावायचं नाही, भडका उडू शकतो. काकूंनी ते कसंबसं गिळलं. पण औक्षण? लग्नापासून एकही पाडवा त्यांनी चुकवला नव्हता, आणि यंदा तर नवरा आयसीयूतून परत आलेला. दिवा ओवाळला नाही तर पुढचा पाडवा दिसायचा नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आणि त्यांच्या मनाने एकदा घेतलं की घेतलं.

"मशीन पाच मिनिटं बंद कर ना गं."

"पाच मिनिटंही काकांना श्वास पुरणार नाही. आणि बंद केलं तरी ऑक्सिजन कपड्यांत, चादरीत राहतो काकू. एक ठिणगी बस झाली."

"म्हणजे मी ओवाळूच नको?" काकूंचा आवाज फुटला.

किर्तीला फार वाईट वाटलं. अंबरनाथला तिचा नवराही औक्षणासाठीच जेवायचा थांबला होता. तिने ताटाकडे नीट पाहिलं.

"ओवाळा ना! दिव्याच्या आधी अंगठी-सुपारीने ओवाळतोच की आपण. इथे तेवढंच करा. निरांजन आत देवापाशी लावा, काकांच्या नावाने. मधलं दार लावून घेऊ."

 काकू निरांजन घेऊन आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. तोवर किर्तीने काकांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा बरा होता.

कुंकू लागलं, अक्षता पडल्या. काकूंनी अंगठी-सुपारी सावकाश फिरवली.

"दरवर्षी मध्ये ज्योत असायची," शरदचंद्र दम घेत म्हणाले. "आज तू नीट दिसलीस."

"काहीतरीच तुमचं! ओवाळणी टाका आधी."

शरदचंद्रांनी पायजम्याचा खिसा चाचपला. रिकामा. उशीखाली पाहिलं, तिथेही काही नव्हतं. मग त्यांनी बोटाचा ऑक्सिमीटर काढला आणि ताटात ठेवला.

काकू आधी हसल्या, मग रडल्या. तो लगेच परत बोटाला लावणं हे किर्तीचं काम होतं. ती जरा थांबली.