दोन बुरखे आणि एक टोपडं

मी एक जुनं विलायती चित्रांचं पुस्तक आहे. मित्रांनो, माझ्या पोटात दोन बुरखेवाले वीर आहेत आणि त्यांना सांभाळून सांभाळून मला वीट आला आहे.

लढाईच्या धामधुमीत एका गोऱ्या शिपायाच्या पिशवीतून मी नगरच्या छावणीत उतरलो. पुढे छावणीची रद्दी निघाली, तिच्यातून शेवगावच्या फक्रुद्दीन बाइंडरच्या दुकानात आलो. इंग्रजी तिथं कुणालाच येत नव्हतं, पण चित्रं सगळ्यांना कळायची. तांबड्या बुरख्याचा वीर चोराला दोरीनं बांधून चौकीवर सोडायचा. काळ्या बुरख्याचा त्याला गच्चीवरून खाली फेकायचा. चोर एकच, पण हे दोघे पानंच्या पानं एकमेकांच्याच उरावर. तोवर चोर तिजोरी धुऊन निवांत निघून जायचा. शेवटी सापडायचा, तोही माझी पानं संपत आली म्हणून. असले हे वीर!

फक्रुद्दीनला तांबडा आवडायचा, तालमीतल्या बन्सीला काळा. दिवस रेशनचे होते. दुकानदार "ज्वारी संपली" म्हणून फळ्या लावायचा आणि मागच्या दारानं पोती गाडीत भरून काळ्या बाजारात धाडायचा. इकडे कडूबाईची सून चांगुणा नुकतीच बाळंत झालेली, आणि घरात भाकरीपुरतंही पीठ नाही. पोटात अन्न नाही म्हणून तिला दूध येईना. बाळ रडून रडून थकत चाललं होतं.

"त्या दुकानदाराचं टाळकंच फोडतो," बन्सी म्हणाला.

"फोडून काय हुनार? बांधून चौकीवर नेऊ. ह्यो तांबडा बघ काय करतोय."

"तांबड्याचं ऱ्हाऊ दे. काळ्याचं पान काढ."

पान काढता काढता त्यांनी मला मधोमध फाडलं. त्यातला एक पुस्तकं शिवून पोट भरणारा होता, हे विशेष.

बाजाराच्या दिवशी दोघांनी बाइंडिंगच्या कापडाचे बुरखे चढवून गाडी अडवली. बन्सीचा कुस्तीत मोडलेला कान आणि फक्रुद्दीनची खळ लागलेली बोटं साऱ्या गावाला पाठ होती. "बन्सीभाऊ, उन्हात कशाला उकडून घेताय?" गाडीवान म्हणाला. फक्रुद्दीन गाडीत बसलेल्या दुकानदाराचे हात बांधायला गेला, बन्सी त्याला बाजूला ढकलून मारायला गेला, आणि पुढच्याच क्षणी दोघे वीर एकमेकांना धरून धुळीत लोळत होते. गाडी बाजूनं निघून गेली. फक्रुद्दीनच्या खिशात माझं अर्धं अंग होतं. मला माझ्या जन्माची लाज वाटली.

गाडी फार लांब गेली नाही. पुढे कडूबाईनं बैलाची वेसण धरली होती.

"बाई, वाट सोड," दुकानदार म्हणाला.

"सोडते की. आधी माझं माप घाल. मी कडूबाई, चांगुणाची सासू. त्वांड नीट बघून ठेव."

तिच्या शेजारी भाजीवाली छबूबाई टोपली घेऊन उभी राहिली, मग आणखी बाया आल्या, मग बाजारच आला. सगळी उघडी, ओळखीची तोंडं. उद्या याच तोंडांसमोर दुकान उघडायचं होतं. दुकानदारानं गुपचूप पोतं उसवलं आणि माप हातात घेतलं.

ज्वारी घेऊन परतताना कडूबाई दोन्ही वीरांपाशी थांबली. "ती फडकी आना हिकडं. खळ धुतली की पोराला टोपडं हुईल."

दोघांनी खाली मान घालून बुरखे दिले.

फक्रुद्दीननं मला पुन्हा शिवलं. मित्रांनो, मला जपून उघडा, पानं ओढू नका. आतले वीर अजून भांडत आहेत, त्यांच्याकडून काही शिकायला जाऊ नका. बन्सी-फक्रुद्दीनच्या बुरख्यांच्या हातून मात्र एक काम धड झालं. पुढच्या थंडीत चांगुणाच्या लेकराचे कान झाकले गेले.