पंधरा आकडे आणि हळद

राजापेठेत माझं मोबाईलचं दुकान. दोन हजार नऊ साली चायनाचे सेट मी फुटाण्यासारखे विकले. स्वस्त, आवाजाला दणदणीत आणि नंबराला खोटे. प्रत्येक सेटला त्याचा स्वतःचा पंधरा आकडी नंबर असावा लागतो. यांच्यात अख्ख्या पेटीला एकच असायचा. मला ते ठाऊक होतं. गिऱ्हाईक विचारत नव्हतं, मी सांगत नव्हतो.

नांदगाव खंडेश्वरकडच्या चतुराबाईनं त्यातलाच एक नेला. दसऱ्यानंतर ती तो घेऊन आली, बटणं दबत नव्हती. विळ्या-डवऱ्यासारख्या शेतीच्या अवजारांबरोबर तिनं मोबाईलचीही पूजा केली होती आणि हळदीचं पाणी पार बॅटरीखाली उतरलं होतं.

"मावशी, मशीनले हळद कावून लावता?" मी खेकसलो.

"कामाच्या समद्याच वस्तूले लावतो आमी."

बटणं साफ केली. बॅटरीखालची हळद कंटाळून तशीच राहू दिली.

दिवाळीनंतर ती रिकाम्या हातानं आली. तिचा मुलगा चंद्रभान वर्षापूर्वी न सांगता घरातून गेला होता. त्या सालांत पोरगं असं गेलं, की गाव आधी विहिरीत डोकावायचं. सगळ्या विहिरी पाहून झाल्या होत्या. आणि परवा, तो घरी ठेवून गेलेल्या सिमवर, त्याचा फोन आला.

"'आई' म्हनला. मी नुसती रडतच राहिली, तं त्यानं कापला," चतुराबाई म्हणाली. "नंबर मले वाचता येत नाही. गावात कोनाच्या हाती देला नाही, मिटला तं? तुमच्याकडे आनून राहिली होती, तं स्टँडवर चोरी गेला."

चोर सापडला होता. हवालदार खुशालरावांनी तिला सांगितलं होतं, खोक्यावरचा नंबर जुळव आणि सेट घेऊन जा. खोकं तिनं जपून ठेवलं होतं. मी तिच्याबरोबर ठाण्यात गेलो. खुशालरावांनी जप्त केलेल्या एकेका सेटवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं. चार काळ्या सेटांवर खोक्यावरचाच नंबर आला.

"चारी बाईचेच काय? इकले कोनं?" खुशालरावांनी विचारलं.

"मीच," मी म्हणालो. इतकी लाज मला धंद्यात कधी वाटली नव्हती.

मग हळद आठवली. मी बॅटऱ्या काढत गेलो. तिसऱ्या सेटच्या पोटात पिवळे डाग होते. मी दसऱ्याची हकीकत सांगितली. खुशालरावांनी डाग पाहिले, कागदावर तिचा अंगठा घेतला आणि तो सेट तिला दिला.

बाहेर बाकड्यावर बसून मी आलेल्या फोनची यादी उघडली. शेवटचा नंबर ०७२४ नं सुरू होत होता. अकोला. माझ्या फोनवरून लावला, तर कोणी पानवाला बोलला. रेल्वे स्टेशनासमोरचा डब्बा फोन आहे, दिवसभर माणसं येतात, कोणाकोणाला ओळखू, म्हणाला.

मी तिला तसंच सांगितलं. "रुपया टाकायचा डब्बा हाय, मावशी. रुपया सरला की आपोआप कटते."

सेट तिनं पदराच्या टोकाला बांधला, गाठ दोनदा ओढली.

"म्हंजे मी रडली म्हून नाही कापला त्यानं," ती म्हणाली. "अकोल्याची गाडी कोठून सुटते, सत्तारभाऊ?"