चालू गाडीला सेल्फ

"मच्छिंद्र, तू गाडी दुरुस्त केली होतीस की नुसती पुसून दिली होतीस?"

प्रेमलाताईंनी फियाटचं दार आपटलं आणि आमच्या ह्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हे हसले, मान डोलावली. म्हणजे ऐकू आलेलं नव्हतं. ऐकू आलं असतं तर हे हसणारे नव्हेत.

"अहो, गाडी बंद पडतेय म्हणतायत," मी कानाशी जाऊन ओरडले.

"ओरडतीस कशाला? बहिरा हाय का मी?"

आता ह्यावर काय बोलायचं, सांगा. गेलं वर्षभर माझा घसा ह्या एका प्रश्नापायी बसलाय. घरात टीव्ही असा लावतात की वरच्या मजल्यावरच्यांना बातम्यांसाठी वेगळा टीव्ही लागत नाही. आमच्या लेकीने, दीक्षाने, कानाचं मशीन आणून दिलं, ते ह्यांनी गॅरेजच्या खणात जुन्या प्लगांत टाकून दिलं. का, तर त्यातून कॉम्प्रेसर आणि ग्राइंडरच डोक्यात घुसतो, इंजिन ऐकूच येत नाही. बरं, मग मशीन न लावता येतं का? ते विचारायची सोय नाही.

वारज्यातलं आमचं गॅरेज ह्यांच्या कानावर चालतं. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या ज्यांनी जिवापाड जपल्यात, ते पुण्याच्या कुठल्याही टोकाहून इथे येतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले, आणि आत काय कुरकुरतंय ते हे सांगणार. नव्या गाड्या दीक्षा बघते. ती स्टिअरिंगखाली वायर खोचते आणि गाडी लॅपटॉपवर आपलं दुखणं सांगते. "विचार तिला, जेवली का," असं हे तिला चिडवतात. आणि गिऱ्हाइकांपुढे मात्र 'आमची दीक्षा, आमची दीक्षा' सुरू असतं.

"अलका चौकात बंद पडली, सिग्नलला," प्रेमलाताई म्हणाल्या. ह्या शनिवार पेठेतल्या, शाळेतून रिटायर झालेल्या, गाडी अजून स्वतः चालवतात. "मागे अख्खं पुणं हॉर्न वाजवत होतं. मी खाली उतरून विचारलं, ढकलायला कोण कोण येतंय. एकदम शांतता."

"पेट्रोलच तसलं येतंय आता, ताई," हे म्हणाले. निदान बंद पडली एवढं तरी पोचलं होतं.

"पप्पा, तुम्ही स्लो कमी ठेवलाय," दीक्षा मोठ्याने म्हणाली. "सिग्नलला उभी राहिली की इंजिनाचा दम तुटतो. मागच्या वेळीच सांगितलं होतं मी."

"तू तुझ्या लॅपटॉपला सांग."

माझं डोकं सणकलं. चूक मानायची नाही, मशीन लावायचं नाही, डॉक्टरकडे जायचं नाही, नुसतं पेट्रोलच्या नावाने खडे फोडायचे. पण खरं सांगते, त्या रागाच्या खाली भीती होती. इंजिन ऐकू येईनासं झालं तर ह्या माणसाने सकाळी उठून करायचं काय? ते त्यांनाही कळत होतं. म्हणून तर बिचाऱ्या पेट्रोलवर सगळं ढकललं जात होतं.

ह्यांनी कॉम्प्रेसर बंद करायला लावला. बोनेट उघडलं, गाडी चालू केली, स्क्रूड्रायव्हर आधी एका कानामागे धरला, मग दुसऱ्या. स्लोचा स्क्रू जरा आवळला, हवेचा सोडला, मध्येच इंजिनावर तळहात ठेवून बघितला. फियाट दोनचारदा अडखळली आणि मग अशी छान एका लयीत चालायला लागली की प्रेमलाताईंच्या कपाळावरची आठीसुद्धा गेली. मी मनात म्हटलं, कान शाबूत आहे ह्यांचा. मीच मेली उगाच कावते.

हे दारातून आत वाकले आणि सेल्फ मारला.

चालू गाडीला. खर्रर्र करून जो आवाज झाला, त्याने दीक्षाने कान झाकले आणि शेजारचा चहावाला भांडं हातात घेऊन बाहेर आला. ही चूक नवशिके करतात, आणि केली की ह्यांच्या शिव्या खातात. ह्यांनी मात्र किल्ली धरून परत एकदा सेल्फ मारला.

"बॅटरी उतरली का काय," म्हणाले.

आरतीतसुद्धा चूक काढणाऱ्या प्रेमलाताई गाडीच्या आरशाकडे बघत राहिल्या. दीक्षाने ह्यांना हाताला धरून पुढे आणलं आणि बोनेटखाली बोट दाखवलं. पंखा गरगर फिरत होता.

"चालू हाय व्हय," हे म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. मला रडूच फुटलं, मी पदर तोंडाला लावला.

ह्यांनी फडक्याला हात पुसले. स्क्रूड्रायव्हर उचलून दीक्षाच्या हातात दिला. "तू ऐक, मी फिरवतो. तोंडानं नको, हातानं सांग."

तिने मूठ कानामागे टेकवली, डोळे मिटले. अगदी ह्यांच्यासारखे. मोकळ्या हाताचं बोट जरासं डावीकडे हललं. ह्यांनी तिच्या बोटावर नजर ठेवून स्क्रू केसभर फिरवला. बोट थांबलं, हेही थांबले.

प्रेमलाताई जाताना नेहमी कोपऱ्यावर हॉर्न देतात, आणि हे गॅरेजातून हात वर करतात. वर्षानुवर्षांचा रिवाज आहे तो. त्या दिवशीही हे दारात जाऊन उभे राहिले. फियाट कोपऱ्यावर थांबली. हॉर्न वाजला नाही. काच खाली झाली आणि ताईंनी हात बाहेर काढून हलवला.

ह्यांनीही हात वर केला.