पाव फेरा डावीकडे

झ्रेन्यानिनच्या सांस्कृतिक भवनातील जुन्या संगणक-खेळांच्या प्रदर्शनात काचेखाली एक कॅसेट होती आणि शेजारी पितळी पाटी : ‘गिरणीतले भूत, १९८७. कर्ता : तिहोमिर ग्रुबाच.’

खेळ माझा होता. कॅसेटही माझीच. माझ्या घरी, माझ्या संगणकावर चालू असलेला खेळ तिहोमिरने स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला, माझ्या नावाच्या जागी आपले घातले आणि नभोवाणीला पाठवला. नभोवाणीने तो किंकाळीसारख्या आवाजाच्या रूपात प्रसारित केला आणि साऱ्या देशाने घरोघर टेप केला. माझी मूळ कॅसेट त्याने ‘उद्या आणून देतो’ म्हणून नेली होती. तिने त्याच्या टेपरेकॉर्डरवर कधी तोंड उघडले नाही. म्हणून ती मेली, असे त्याने गृहीत धरले. मेलेला साक्षीदार मिरवायला कोण भितो?

‘‘तिहोमिरकाका, लावूनच बघू या का?’’ प्रदर्शन मांडणारी यासेन्का म्हणाली. ‘‘टेपरेकॉर्डर आहे, लॅपटॉप आहे, केबल आहे.’’

‘‘कशाला मढं उकरतेस, पोरी?’’

‘‘भ्यालास होय रे, तिशा?’’ मी गर्दीतून विचारले.

त्याने मला ओळखले. हसला. ‘‘रादिवोय! अजून जळतोयस? लाव गं, लाव.’’

तीनदा लावली. तिन्ही वेळा टेपरेकॉर्डरमधून घोगरी किंकाळी निघाली आणि लॅपटॉपने ती वाचायला नकार दिला.

‘‘झालं समाधान?’’ तो म्हणाला.

‘‘एकच सांग. ही तुझ्याच टेपरेकॉर्डरवर भरलेली ना?’’

‘‘माझ्याच! शंभरदा सांगू?’’

‘‘मग त्याचं हेड कुठल्या बाजूला कललं होतं?’’

‘‘हेड कसलं कलतंय? डोकं तुझं कललंय!’’

लोक हसले. मी हसू दिले. माझा टेपरेकॉर्डर बहिणीच्या हातून पडला होता, तेव्हापासून त्याचे हेड, म्हणजे फीत भरणारा आणि वाचणारा तुकडा, तिरके बसले होते. आणि तिरक्या हेडने भरलेली फीत तितक्याच तिरक्या हेडलाच वाचता येते. घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर मी सकाळीच खिशात टाकला होता. यासेन्काच्या टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू मी पाव फेरा डावीकडे फिरवला. घोगरी किंकाळी धारदार झाली.

फितीवरून खेळ संगणकात चढायला पाच मिनिटे लागतात. ती पाचही मिनिटे मी पडद्याकडे नव्हे, तिहोमिरकडे पाहत होतो. तिसऱ्या मिनिटाला त्याचा हात केबलकडे गेला.

‘‘काका, हात नका लावू,’’ यासेन्का ओरडली, ‘‘चढतोय!’’

मग किंकाळी थांबली. पडद्यावर गिरणी उमटली आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत : रादिवोय सेकुलिच.

तिहोमिर माझ्या कानाशी आला. ‘‘रादा, म्हातारे झालो आपण. चल, कॉफी घेऊ, बोलू.’’

‘‘घेऊ की. उद्या.’’

यासेन्काने पाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे. ‘‘काका, तो स्क्रूड्रायव्हर जरा द्याल? पाटी काढते.’’

पाटीला चार स्क्रू होते. स्क्रूड्रायव्हर मी तिला दिला नाही. तिहोमिरच्या हातात ठेवला.

‘‘डावीकडे फिरव,’’ मी म्हणालो.