लहान पुलीचा चषक

मी एक जुनी लाल मोटार आहे. अंगाने एवढीशी, मागचं दार वर उघडणारी. पण मित्रांनो, माझ्या इंजिनाला सुपरचार्जर आहे. पुलीवरच्या पट्ट्याने तो फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. मग चढावर मी भल्याभल्यांना मागे टाकते.

जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात एकहार्ट थीलेन यांचं गॅरेज आहे. त्यांनी मला भंगारातून उचलून आणलं, हाताने घडवलं आणि त्यांची मुलगी आन्के मला घाटाच्या शर्यतीत पळवू लागली. वळणावर घसरले, तर ती स्टिअरिंगवर थोपटायची, "होतं गं असं, सोनुले." तीन वर्षं आमचा दुसरा नंबर आला. पहिले नेहमी राइनहोल्ड कूनेन, त्यांच्या हिरव्या गाडीतून.

चौथ्या वर्षी, शर्यतीच्या आदल्या दिवशी, एकहार्टनी माझी पुली काढून लहान पुली बसवली. पुली लहान झाली की सुपरचार्जर जास्त जोरात फिरतो. नियमात ते बसत नव्हतं. पण शर्यत भरवणाऱ्या क्लबसाठी गाड्या तपासून शिक्का लावायचं काम एकहार्टकडेच होतं. आन्केला ते काही बोलले नाहीत. मला कळत होतं, पण मला कुठे तोंड आहे?

दुसऱ्या दिवशी मी किंचाळतच घाट चढले. तीन दशांश सेकंदांनी आम्ही जिंकलो!

घाटमाथ्यावर राइनहोल्डनी माझ्या बॉनेटवर थाप मारली. "काय गं पोरी, म्हाताऱ्याला धूळ चारलीस की! आणि या चिमुरडीला काय चारतेस? बटाट्याची धिरडी?"

आन्के खळखळून हसली. वाटलं, डांबर फाटावं आणि मी आत जावं.

शर्यतीनंतर सगळ्या गाड्या रांगेने, सावकाश खाली उतरतात. कडेचे लोक टाळ्या वाजवतात, हात पुढे करतात. आन्के खिडकीतून एकेकाच्या हातावर टाळी देत होती. इतका लांब घाट मी पुन्हा कधी उतरले नाही.

खाली जळका वास आला म्हणून तिने बॉनेट उघडलं.

"बाबा, ही पुली कुठली?"

"अगं, जुनी झिजली होती."

"म्हणून इतकी लहान बसवलीत?"

एकहार्ट हातातली टोपी फिरवत राहिले. "दरवर्षी रडत घरी यायचीस..."

"हरले म्हणून रडायचे, बाबा. आज कशासाठी रडू?"

चषक घेऊन ती राइनहोल्डकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी तो घेतला. जाताना माझ्या बॉनेटला मात्र त्यांचा हात लागला नाही.

याला बारा वर्षं झाली. शिक्का एकहार्टनी त्याच दिवशी क्लबला परत केला. आन्के मला अजून पळवते. पण प्रत्येक शर्यतीआधी ती बॉनेट उघडून पुलीचं माप घेते. मापाची पट्टी एकहार्टच पुढे करतात, दुसरीकडे बघत.

मित्रांनो, आमचं तेल वेळेवर बदला, झिजलेला पट्टा काढून टाका. हरलो तर हरू द्या. पण आमच्या पोटात लबाडी लपवू नका. आम्हाला ती ओकता येत नाही.

आन्के आजही मला "सोनुले" म्हणते. फक्त, आधी माप घेते.