शून्याखाली गेलेला पारा

मित्रांनो, तुमच्या घरी डॉक्टरांनी कुणाच्या दंडाला पट्टा बांधून रबरी फुगा दाबला असेल, तर पेटीतल्या काचेच्या नळीत चढणारा पारा तुम्ही पाहिलाच असेल. मीही तसंच एक जुनं, रक्तदाब मोजणारं यंत्र आहे. मला वर्षं आठवत नाहीत, आकडे आठवतात. तेच सांगतो.

२१०

मध्यभारत राज्य नवं होतं आणि तुकोगंज मोहल्ल्यातल्या डॉक्टर अच्युतरावांच्या टेबलावर मीही नवा होतो. हा आकडा शाळेत शिकवणाऱ्या भानुमतीबाईंचा. तोवर डॉक्टर एवढंच सांगत, मीठ सोडा, पडून राहा. आता सर्पगंधेच्या मुळीपासून केलेली गोळी आली होती.

१७०

तीन महिन्यांत चाळीस उतरले. "नाक चोंदतं, दिनभर नींद येते," बाई म्हणाल्या, "पण सिर हलकं आहे, डॉक्टरसाब."

डॉक्टरांनी माझ्या पेटीवर थाप मारली. मला फार बरं वाटलं.

०

महूच्या एका रोग्याकडून मला परत आणताना कंपाउंडर लक्ष्मीकांत पारा अडवणारी माझी चावी बंद करायला विसरला. टांग्यात पेटी कलंडली. पाऱ्याचे मणी पायाशी सांडले.

"देखो भिया, कसे पळतायत," तो टांगेवाल्याला म्हणाला. मग ते पायाने रस्त्यावर लोटले. डॉक्टर रागावतील म्हणून कुणाला सांगितलं नाही.

उरलेला पारा शून्याच्या तीस घरं खाली, पितळी पट्टीआड बसला. तेव्हापासून माझा प्रत्येक आकडा तीसने कमी येऊ लागला. मोजण्यापूर्वी कुणी वाकून पाहिलं असतं, तर दिसलं असतं.

१३८

"बिलकुल नॉर्मल. गोळी बंद," डॉक्टर म्हणाले.

"पुन्हा चढलं तर?" बाईंनी विचारलं.

"चढलं तर हा सांगेल ना."

१५२

पंधरा दिवसांनी बाई डोकं धरून आल्या. खरा आकडा एकशे ब्याऐंशी होता.

"एवढं चालतं. शाळेतल्या पोरींनी डोकं खाल्लं असेल," डॉक्टर म्हणाले.

बाईंचे यजमान संताजीराव हसले. "मी बोललो ना, शाळा चुकवायचा बहाना आहे."

बाई हसल्या नाहीत. पदर सावरून निघाल्या.

१९६

हा बाईंच्या घरी, त्यांच्या लुळ्या उजव्या हातावर घेतलेला आकडा. तोंड वाकडं झालं होतं. शब्द फुटत नव्हता.

"परवा तर ठीक होतं," संताजीराव पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"हो. परवा ठीकच होतं," डॉक्टर म्हणाले.

ते मनापासून बोलत होते. लक्ष्मीकांत दाराशी माझी पेटी घेऊन उभा होता. मणी त्याला आठवले की नाही, कोण जाणे. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं, आणि मला आकड्यांपलीकडे काही बोलता येत नाही.

बाई नवव्या दिवशी गेल्या.

मित्रांनो, माझ्यावर एवढा विश्वास ठेवू नका. पट्टा बांधण्याआधी विचारा, पारा शून्यावर आहे का? आणि माणूस दुखतंय म्हणाला, तर माझ्याकडे नको, त्याच्याकडे पाहा.

आज सकाळी पेटी उघडली आहे. माझा पारा अजून तीस घरं खालीच आहे. नवा रोगी बाही वर सारतो आहे. डॉक्टर त्याची विचारपूस करताहेत. माझ्याकडे त्यांची पाठ आहे.