मामंजींचं स्थळ

माझी आई पुण्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत वधूवर सूचक केंद्र चालवायची. माझा सगळा अभ्यास दुसऱ्यांच्या मुलींची उंची आणि रंग ऐकत झाला. 'गव्हाळ' म्हणजे सावळी, 'मनमिळाऊ' म्हणजे बडबडी आणि 'कळवतो' म्हणजे नाही, हे मला सातवीतच पाठ होतं. मोठेपणी या सगळ्यापासून लांब राहायचं असं ठरवून मी स्वतःचं लग्न स्वतः जमवलं आणि हैदराबादला आले. आणि तिथं एका रविवारी सकाळी, माझ्या लेकीच्या, सईच्या डबीतलं काजळ बोटावर घेऊन, मी एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या पांढऱ्या मिशा काळ्या करत बसले होते. थोड्याच वेळात त्याला बघायला येणार होते.

साल नव्व्याण्णव. आम्ही तारनाक्याला भाड्यानं राहत होतो आणि चालत जाण्याच्या अंतरावर पद्मावतीबाईंचं कुत्र्यांचं आश्रयघर होतं. आश्रयघर म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन कडुनिंब आणि चुलीवर सदा रटरटणारं भाताचं पातेलं. सई दुपारी झोपायची नाही, म्हणून मी तिला कुत्री दाखवायला तिकडं न्यायची. खरं तर तिथं गेल्यावर कुत्री सईला सांभाळायची आणि मी भिंतीला टेकून डुलकी काढायची.

पद्मावतीबाईंचं घराणं निजामाच्या वेळेपासून हैदराबादेत. मराठी बोलता बोलता दखनी कधी सुरू झाली, हे त्यांचं त्यांनाही कळायचं नाही.

"ते कंप्यूटर मशीनीत साल बदलायचंय म्हणे ना," त्या मला सांगायच्या, "ते बदलायला सगळे पोट्टे अमेरिकेला जायलेत, आन् कुत्रे माझ्याकडं सोडायलेत. हा बघ. अकरा वर्षं घरात वाढवलं. जाताना बिस्किटाचा पुडा ठेवून गेले बाजूला."

हा म्हणजे रॉकी. तांबूस रंग, एका डोळ्यात फूल पडलेलं, मागचा डावा पाय आखडलेला. रॉकी म्हटलं की तो दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखा बघत राहायचा. पद्मावतीबाई त्याला 'मामंजी' म्हणायच्या. वयानं मोठा आहे, नावानं कशी हाक मारू, असं त्यांचं म्हणणं.

"कसली माणसं असतात ना," मी तावातावानं म्हणाले होते, "घरातल्या म्हाताऱ्याला असं टाकून जायचं? मी असते तर गेलेच नसते."

त्याच संध्याकाळी सारंग, म्हणजे माझा नवरा, पेढे घेऊन घरी आला. त्याच्या कंपनीनं आमचं न्यू जर्सीचं नक्की केलं होतं. पेढे मी खाल्ले. चांगले होते.

मग आश्रयघराची जागा विकली गेली. तिथं फ्लॅट होणार होते, खाली पार्किंग आणि वर पोहण्याचा तलाव. पद्मावतीबाई मुलीकडे नांदेडला निघाल्या, दीड खोलीत. पिल्लं हातोहात गेली, धडधाकट कुत्री गोदामांवर राखणीला गेली. मामंजी राहिले.

"मी ठेवते," माझ्या तोंडून निघून गेलं. "आम्ही जूनमध्ये जातोय, तोवर चांगलं घर बघते त्याला."

"आन् नाही मिळालं तर? तू बसशील विमानात. हा रस्त्यावर कसा जगल गं?"

"मिळेल हो. माझ्या आईनं सगळ्या पुण्याची लग्नं जमवलीत."

पद्मावतीबाईंनी मामंजींची दोरी माझ्या हातात दिली आणि पातेलं घासायला वळल्या. बराच वेळ घासत होत्या.

मामंजींनी आमच्या गॅलरीत पथारी टाकली. कुणाला त्यांचा त्रास नव्हता. फक्त कुकरची शिट्टी झाली की ते मान वर करून तिच्यात सूर मिसळायचे. शिट्टी थांबली तरी यांची तान चालूच. सई टाळ्या वाजवायची आणि खालच्या मजल्यावरचे घरमालक जिना चढून यायचे. शेवटी मी कुकर माळ्यावर टाकला आणि भात-वरण पातेल्यात शिजवायला लागले. डाळ शिजेपर्यंत सई वाढून मोठी होईल की काय, असं वाटायचं.

"तू माझ्या वडिलांसाठी कधी कुकर बंद केलास का?" सारंगनं विचारलं.

"तुझे वडील गातात का?"

"आणि ते मामंजी म्हणणं बंद कर. परवा फोनवर आईला म्हणालीस, मामंजींना गोचिड्या झाल्यात."

स्थळ शोधायचं म्हणजे माझ्या डोक्यात एकच पद्धत. मी मंडळात गेले. महाराष्ट्र मंडळात दोन फलक होते. सूचनाफलकावर तीन वर्षांपूर्वीच्या कोजागिरीची सूचना अजून होती, कारण तो कुणी वाचत नसे. वधूवर फलकापुढे मात्र कायम गर्दी. मी सरळ त्यावर मामंजींची माहिती लावली. वय सात, वर्ण तांबूस, स्वभाव शांत, गाण्याची आवड, शाकाहारी चालेल, घर प्रेमळ असावे. वयाचं असं की आई सगळ्यांचं दोन-तीन वर्षं कमी लिहायची. मी जरा सढळ हातानं केलं. कुत्रा आहे हे लिहायचं मात्र राहून गेलं. ओळी इतक्या सवयीनं उतरत गेल्या की लक्षातच आलं नाही. वय सात वाचून लोकांना वाटलं, सदतीसमधला तीनचा आकडा राहिला असेल.

पहिला फोन एका बाईंचा आला.

"मुलगा कुठं असतो?"

"आमच्या गॅलरीत."

"अमेरिकेला जायचं ठरलं आहे का त्याचं?"

"नाही, तो इथंच राहणार. जाणार आम्ही."

"मग आमच्या मुलीला नाही जमायचं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी जाऊन मी 'कुत्रा' हा शब्द घातला. त्यानंतर फोन यायचेच बंद झाले. आले ते एकटे प्रतापराव.

प्रतापरावांचं हिमायतनगरला टीव्ही-फ्रिजचं नवं दुकान होतं आणि दुकानामागच्या गोदामाला त्यांना राखण हवी होती. गोदाम म्हटल्यावर मामंजींचा पाय माझ्या डोळ्यांपुढे आला, पण जूनही आला. म्हणून ते काजळ. मी मिशा काळ्या केल्या, भुवयांवरून हात फिरवला, वर थोडी पावडर लावली. हे सगळं सई इतकं मन लावून बघत होती की मला माझीच लाज वाटली. पण हात थांबले नाहीत.

प्रतापराव आले ते पांढऱ्याशुभ्र पँटमध्ये. मी पोहे दिले. कुत्रा दाखवायला पोहे कशाला, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. त्यांनाही पडला नसावा. ओलं खोबरं बाजूला सारत त्यांनी विचारलं, "चावतो का?"

"प्रसंग पडला तर," मी म्हणाले. मामंजींना चावायला वरचे दात नव्हते.

"सातच वर्षांचा ना?"

"नुकतंच सातवं लागलंय."

मामंजी हळूहळू उठले, लंगडत त्यांच्याकडे गेले, पोह्यांचा वास घेतला आणि आपलं थोबाड त्यांच्या मांडीवर टेकवलं. अगदी विश्वासानं टेकवलं आणि एकदा इकडून, एकदा तिकडून घासलं. प्रतापराव खाली बघत राहिले. पांढऱ्या पँटवर काळ्या मिशा उमटल्या होत्या आणि मामंजी आता मूळ पांढऱ्या तोंडानं त्यांच्याकडे बघत होते.

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "कुत्र्याला डाय करता तुम्ही?"

"काजळ आहे. घरचं. बदामाचं."

"बदामाचं," त्यांनी मान डोलावली. पोहे संपवले आणि उठले. "कळवतो."

सारंगला हसू आवरेना. मला राग आला, पण माझ्याही मनावरचं काहीतरी उतरलं होतं. ते काय, याकडे मी मुद्दाम लक्ष दिलं नाही.

मेचा शेवटचा आठवडा आला. बॅगा भरल्या, पलंग विकला गेला, आणि मामंजी सईच्या जुन्या दुपट्यावर पाय ताणून झोपलेले. पद्मावतीबाईंचा नांदेडहून एसटीडी बूथवरून फोन आला की मी तो सारंगला घ्यायला लावायची. "हौ हौ, बघायलोत," तो त्यांना त्यांच्याच भाषेत सांगायचा.

मग एका दुपारी मुकुंदराव आले. न सांगता आले, त्यामुळे पोहे नव्हते आणि काजळही नव्हतं. रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, राहायला आमच्याच मागच्या गल्लीत. डोक्यावरचे केस मेंदीनं नारिंगी झालेले.

"प्रतापरावांनी मंडळात त्यांची पँट सगळ्यांना दाखविली," ते म्हणाले. "म्हणलं, ती काजळवाली बाई बघून यावी."

मी ओशाळले. "कुत्रा बघायचाय की बाई?"

"दोन्ही. वय काय ह्याचं?"

"सा..." मी म्हणाले आणि थांबले. मुकुंदरावांनी आपल्या नारिंगी केसांवरून हात फिरवला.

"तुम्ही सात म्हणा, मी साठ म्हणतो. दोघांचं सारखंच खोटं होईल."

मग मी सगळं सांगून टाकलं. अकरा संपली, एका डोळ्यानं दिसत नाही, जिना चढवत नाही, दात नाहीत, कुकर लावला की गातो. सांगताना माझा आवाज असा चढत गेला, जणू त्यांनी नाही म्हणावं म्हणूनच मी सांगत होते.

"माझ्याकडं कुकर नाही," मुकुंदराव म्हणाले. "मेसचा डबा येतो."

"जिना?"

"तळमजला."

"तुम्ही गावाला गेलात तर?"

"कुठं जाणार? लेक बोलावतो डॅलसला. मला नक्को तिथं. गुडघे नाही मुडपत विमानात."

"आणि तुमचं काही झालं तर?"

हे आईच्या केंद्रात कुणी विचारलं असतं तर आईनं त्याला बाहेर काढलं असतं. सारंगनं कपाळावर हात मारला. मुकुंदरावांनी मात्र प्रश्न नीट ऐकून घेतला.

"हे त्यालाही विचारा की," ते म्हणाले. "त्याचं काही झालं तर मी काय करू? शेजारी सगळे आहेत, पण मुके लोक आहेत. टीव्ही बोलतो सगळ्यांच्या घरी."

ते मामंजींजवळ जमिनीवर बसायला लागले. गुडघ्यावर हात ठेवून, भिंत धरून, कण्हत बसले. मामंजी उठले तेही तसेच कण्हत. सईला दोघांची गंमत वाटली. तीही कण्हत त्यांच्या शेजारी बसली.

जाताना मुकुंदराव दारात म्हणाले, "कळवतो."

मी दार लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच डब्यांची झाकणं काढून लावत बसले.

"काय झालं? चांगले वाटले की ते," सारंग म्हणाला.

"कळवतो म्हणाले. म्हणजे नाही."

"अगं, कळवतो म्हणजे कळवतो."

"तुला काय माहीत? मी कळवतोमध्ये वाढलेय." आणि मग मी जे बोलले ते अजून सारंग पाहुण्यांना सांगतो. "तू जा अमेरिकेला. मी, सई आणि मामंजी इथंच राहतो."

"कुत्र्यासाठी?"

"त्यांच्या शेजारी बिस्किटाचा पुडा ठेवून मी जाणार नाही."

त्या रात्री सारंग जेवण गरम न करताच जेवला. मी मनात हिशेब मांडला. घरमालकांचं भाडं, सई, घ्याव्या लागतील त्या शिकवण्या, पातेल्यातला भात. हिशेब कुठल्याच बाजूनं जुळत नव्हता, आणि तरी मला फार बरं वाटत होतं, हे सांगायलाच हवं. आपण त्यागी आहोत असं वाटलं की मी नेहमीच खुशीत असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराशी मुकुंदराव उभे. हाताला सिमेंट लागलेलं.

"फाटकाखाली फट होती. एवढी," त्यांनी हातानं दाखवलं. "काल तीच डोक्यात. बुजविली. सिमेंट सुकायला एक दिवस लागतो म्हणे. उद्या नेऊ का ह्याला?"

"तुम्ही कळवतो म्हणालात."

"मग कळवायलोच की."

सारंग पेपरमागं तोंड लपवून होता. पेपर हलत होता.

दुसऱ्या दिवशी मी सईचं दुपटं घडी घालून दिलं, दहीभाताचा डबा दिला, पायाला लावायचं तेल दिलं. तेल कसं लावायचं ते सांगितलं, पुन्हा सांगितलं. मुकुंदराव म्हणाले, "सांगितलं तुम्ही." मी तिसऱ्यांदा सांगितलं. मग आत जाऊन काजळाची डबी आणली. सारंग म्हणाला, "आता कुणाला फसवायचंय?" सईला आंघोळीनंतर लावते तशी एक तीट मामंजींच्या कानामागं लावली. बोट तिथं थोडा वेळ राहिलं. तिथली लव फार मऊ होती, हे इतके दिवस मला माहीत नव्हतं.

मुकुंदरावांनी मान वाकवली. "इकडंही एक," ते म्हणाले.

नारिंगी केसांमागं मी एक तीट लावली. दोघं गल्लीतून निघाले, दोघंही डाव्या पायानं जरा कमी चालणारे. मामंजींनी वळून पाहिलं नाही. त्यांना दिसलंही नसतं म्हणा, मी त्यांच्या आंधळ्या डोळ्याच्या बाजूला उभी होते.

संध्याकाळी मी स्टुलावर चढून माळ्यावरचा कुकर काढला. धुतला, डाळ-तांदूळ लावले आणि ओट्याजवळ उभी राहिले. शिट्टी झाली. घर एकदम गप्प बसल्यासारखं वाटलं.

मग गॅलरीतून, रिकाम्या पथारीच्या जागेवरून, सईनं मान वर केली आणि लांब सूर लावला. शिट्टी थांबली तरी तिची तान थांबेना. खालून घरमालकांच्या चपला जिन्यावर वाजायला लागल्या. मी गॅस बारीक केला नाही.